रेसिपी तीच, ॲसिड तेच, तरी फिल्मवर रेघा: बडोद्याच्या एका लॅबमधलं पोरस सिलिकॉनचं प्रकरण

पोरस सिलिकॉनच्या, म्हणजे ॲसिडमध्ये करंट सोडून बारीक छिद्रं पाडलेल्या सिलिकॉनच्या, कामात करंट आपण ठरवतो, पण त्यासाठी व्होल्टेज किती लागणार ते वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) आणि त्याच्या पाठचा कॉन्टॅक्ट ठरवतो, आणि हा दुसरा आकडा बऱ्याच लॅबमध्ये कोणी वहीत लिहीतच नाही. रेसिपीत असतं "५० मिलिअँप प्रति चौरस सेंटिमीटर, १०० सेकंद, एचएफ आणि इथेनॉल तीनास एक" (एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड), झालं, सप्लाय करंट धरून ठेवतोय ना, मग व्होल्टेजकडे कशाला बघायचं. बडोद्यातल्या एका लॅबचं काम याच पायी अडलं होतं, आणि ते सुटलं कसं हे सगळं नीट एका जागी लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात शिकण्यासारखं खूप आहे आणि पेपरांमध्ये हा भाग कधी येत नाही, तिथे फक्त शेवटी जमलेली फिल्म दिसते.

मी त्या लॅबमध्ये उपकरणं आणि केमिकल सेफ्टी बघतो. जिचं काम अडलं ती पीएचडी करणारी मुलगी, घर दांडिया बाजारातलं, जुन्या गायकवाडी मराठी घरांपैकी एक. तिचा विषय म्हणजे पोरस सिलिकॉनच्या पातळ फिल्मवर अल्कोहोलची वाफ ओळखणारा सेन्सर. फिल्मवर पांढरा प्रकाश टाकायचा, परत आलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम घ्यायचा, त्यात लाटा दिसतात, वाफ छिद्रांत शिरली की लाटा सरकतात. साधं आणि स्वस्त, पण सगळी मदार फिल्म एकसारखी असण्यावर. प्रकाशाच्या ठिपक्याच्या एका बाजूला जाडी वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी असली तर लाटा एकमेकांत मिसळून स्पेक्ट्रम सपाट होतो आणि हातात काहीच राहत नाही.

हे बनतं कसं

सिलिकॉनचा तुकडा एचएफमध्ये नुसता ठेवला तर फारसं काही होत नाही, वरचा ऑक्साइड निघून जातो, उघड्या पृष्ठभागावर हायड्रोजन चिकटून बसतो आणि मग ॲसिड त्याला हात लावत नाही. तोच तुकडा प्लसला जोडला, समोर प्लॅटिनम मायनसला लावलं आणि करंट सोडला की सिलिकॉनमधले होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, प्लस चार्जसारख्या वागणाऱ्या) पृष्ठभागाकडे येतात, तिथला बाँड सैल होतो, फ्लोराइड आत घुसतं आणि सिलिकॉनचा अणू हेक्साफ्लुरोसिलिसिक ॲसिडच्या रूपात द्रावणात उतरतो, सोबत हायड्रोजनचे बुडबुडे. एकदा खड्डा पडला की होल्सना तळाशी पोचणं सोपं जातं आणि दोन छिद्रांमधली पातळ भिंत होल्सविना कोरडी पडते, म्हणून भिंत वाचते आणि छिद्र खाली खाली जात राहतं. करंट एका मर्यादेच्या वर नेला तर छिद्रं बनतच नाहीत, सगळाच पृष्ठभाग सपाट खाल्ला जाऊन आरशासारखा होतो, त्याला इलेक्ट्रोपॉलिशिंग म्हणतात. १९५६ साली बेल लॅब्जमध्ये आर्थर उलिर आणि इंगेबोर्ग उलिर हे पॉलिश करायच्याच मागे होते, तेव्हा कमी करंटला पॉलिश व्हायच्या ऐवजी पृष्ठभागावर गडद रंगाचा थर चढला, आणि तिथून पोरस सिलिकॉनची गोष्ट सुरू होते.

इथेनॉल टाकतात कारण नुसत्या पाण्यातल्या एचएफचा पृष्ठताण जास्त असतो, बुडबुडे सुटत नाहीत, चिकटून बसतात आणि त्या जागी एचिंग, म्हणजे सिलिकॉन खाल्ला जाणं, थांबतं.

लॅबमधला सेल टेफ्लॉनचा, मकरपुरा जीआयडीसीत एका लेथवाल्याकडून करून घेतलेला. खाली पितळी प्लेट, त्यावर ॲल्युमिनिअम फॉइल, त्यावर वेफरचा तुकडा, त्यावर व्हायटॉनची ओ-रिंग आणि वरून टेफ्लॉनचं भांडं स्क्रूनी आवळलेलं. ओ-रिंगच्या आतलं उघडं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ५० मिलिअँप प्रति चौरस सेंटिमीटरसाठी साधारण ५६ मिलिअँप. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू पसरतं, आज घट्ट बसवलेला स्क्रू काही दिवसांनी सैल लागतो, त्यामुळे दर वेळी गळती तपासावी लागते, ॲसिड खाली फॉइलपर्यंत गेलं तर फॉइलच विरघळते.

अडचण

जुना वेफरचा बॉक्स संपला, नवा आला. पहिल्याच तुकड्यावर एकसारखा रंग यायच्या ऐवजी आडव्यातिडव्या रेघा. रेघांच्या जागी हिरवा-जांभळा, मधल्या जागी फिकट पिवळसर, आणि एक-दोन ठिकाणी तर चकचकीत खाचच. दुसरा तुकडा केला, तसंच, पण रेघा वेगळ्या जागी. स्पेक्ट्रममध्ये लाटा जवळजवळ नाहीतच.

"दादा, ॲसिड जुनं झालंय का हो?" ती विचारायला आली. तिच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं तेच मत, ॲसिड बदला. कोणी म्हणालं बुडबुडे, ढवळत राहा. कोणी म्हणालं प्लॅटिनमची कॉइल वाकडी झाली आहे. गाइड सरांचं म्हणणं की वेफर नीट धुतला गेला नसेल. प्रत्येक कारण शक्यतेतलं होतं, कोणी उगाच बोलत नव्हतं. पण प्रत्येक जण आपापलं कारण धरून एक-एक गोष्ट बदलत गेला असता तर दर बदलाला एक तुकडा आणि दर तुकड्याला एचएफची एक ओतणी, आणि हे मला अजिबात नको होतं.

एचएफबद्दल इथेच बोलून घेतो. सल्फ्युरिक अंगावर पडलं तर लगेच भाजतं आणि माणूस नळाकडे धावतो. एचएफ, त्यातून पातळ असेल तर, लगेच दुखतच नाही. ते कातडीतून आत जातं, फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं, काही तासांनी आतून भयंकर दुखायला लागतं, आणि जास्त भागावर पडलेलं असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. म्हणून २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हुडच्या शेजारी, तारीख बघून ठेवलेलं, आणि ते कुठे आहे हे त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत. संशय आला तरी भरपूर पाण्याने धुवायचं, जेल चोळत राहायचं आणि दुखायची वाट न बघता हॉस्पिटल. काचेची भांडी नाहीत, एचएफ काच खातं, सगळं प्लास्टिकचं किंवा टेफ्लॉनचं. एकट्याने काम नाही. उरलेलं ॲसिड पाण्यात कालवलेल्या चुन्यात सावकाश ओतायचं, गरम होतं म्हणून सावकाश, म्हणजे ते न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. हे सगळं ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने या विषयात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रेघा काय सांगत होत्या

नक्षीकडे आधी बघायला हवं. गोल ठिपके असतील तर बुडबुडे. मध्यापासून कडेपर्यंत वर्तुळं असतील तर प्लॅटिनमचा आकार किंवा ओ-रिंगच्या कडेला जमा होणारा करंट. इथे दोन्ही नव्हतं, सरळ आणि तुटक रेघा होत्या, कुठेकुठे एकमेकींना छेदणाऱ्या. अशा रेघा द्रावणाच्या बाजूने यायला काही कारणच दिसत नव्हतं.

जुन्या बॉक्समधले काही तुटके तुकडे एका डबीत पडलेले होते. त्यातला एक लावला, बाकी सगळं तेच, तीच बाटली, तोच सेल, तीच फॉइल. फिल्म सुरेख आली, एकसारखी हिरवी, वाकडी धरली तर निळसर. म्हणजे ॲसिड, बुडबुडे, प्लॅटिनम, धुणं, सगळे एका तुकड्यात सुटले. बदललेली गोष्ट एकच, वेफर.

आणि त्याच वेळी सोर्समीटरच्या, म्हणजे करंट देणाऱ्या आणि व्होल्टेज दाखवणाऱ्या सप्लायच्या, स्क्रीनवर मी व्होल्टेज बघितलं. जुन्या तुकड्याला अडीच व्होल्टच्या आसपास, स्थिर. नवा तुकडा लावला तर बारा, चौदा, सोळा, परत तेरा, नुसतं भटकत होतं. खालची पितळी प्लेट हाताला कोमट लागली. हिशोब केला तर ५६ मिलिअँप गुणिले १६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ०.९ वॉट, जुन्याला ०.१४ वॉट. वहीत आधीच्या पानांवर करंट, वेळ, रंग सगळं होतं, व्होल्टेजचा रकानाच नव्हता.

पुढची टेस्ट फार सोपी. फॉइल वेफरखालून काढून उजेडात धरली. त्यावर सुरकुत्या होत्या, फॉइलला त्या असतातच, रोलमधून काढताना पडतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो आरशातल्यासारखा उलटा केला आणि फॉइलशेजारी ठेवला. मोठी तिरकी सुरकुती जिथे, तिथेच तिरकी रेघ. दोन सुरकुत्या जिथे मिळतात तिथे ती चकचकीत खाच. मग नवा तुकडा लावला आणि फॉइल तीच, फक्त काटकोनात फिरवून. फिल्मवरच्या रेघा काटकोनात फिरल्या. ती मुलगी तिथेच उभी होती, म्हणाली, "म्हणजे पाठची फॉइल पुढे छापली जातीये!" अगदी तसंच होतं.

पाठची फॉइल पुढे कशी छापली जाते

बॉक्सवरचं लेबल वाचलं. नव्या वेफरवर होतं पी-टाइप, बोरॉन, १००, रेझिस्टिव्हिटी १ ते १० ओहम-सेंटिमीटर. पी-टाइप म्हणजे बोरॉन मिसळून, म्हणजे डोप करून, होल्स वाढवलेला सिलिकॉन, १०० ही स्फटिकाची दिशा, आणि रेझिस्टिव्हिटी म्हणजे मालाचा करंटला विरोध, डोपिंग जास्त तितकी ती कमी. जुन्या बॉक्सचं रिकामं कव्हर शोधलं, त्यावर ०.००१ ते ०.००५. हजार पट फरक. ऑर्डरच्या कागदावर फक्त "पी-टाइप, १००, ४ इंच" एवढंच लिहिलेलं, रेझिस्टिव्हिटीचा उल्लेखच नाही, आणि सप्लायरने जो सर्रास मिळतो तो पाठवला. त्याचं काही चुकलं नाही.

लेबलवर विसंबून न राहता फोर पॉइंट प्रोबवर मोजलं. चार सुया एका ओळीत, बाहेरच्या दोनांतून करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज. नव्या वेफरवर १ मिलिअँपला २२ मिलिव्होल्ट आले, म्हणजे २२ ओहम, त्याला या पद्धतीच्या ठरलेल्या ४.५३ ने गुणलं की शीट रेझिस्टन्स, म्हणजे आडव्या करंटला होणारा विरोध, साधारण १०० ओहम, आणि जाडी ५२५ मायक्रॉन म्हणजे ०.०५२५ सेंटिमीटर, गुणाकार ५.२ ओहम-सेंटिमीटर. लेबल खरं होतं. जुन्या तुकड्यासाठी १०० मिलिअँप सोडले तेव्हा कुठे सव्वा मिलिव्होल्ट दिसलं, म्हणजे ०.००३ च्या आसपास. ज्यांच्याकडे प्रोब नाही त्यांनी साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना दाबून बघाव्यात, जास्त डोप केलेल्या वेफरवर काही ओहम येतात आणि कमी डोप केलेल्यावर आकडा किलो-ओहममध्ये जाऊन नाचत राहतो, मोजमाप म्हणून त्याला अर्थ नाही पण दोन बॉक्स वेगळे आहेत एवढं नक्की कळतं.

इथे बरेच जण म्हणाले, बरोबर आहे, रेझिस्टिव्हिटी जास्त म्हणून व्होल्टेज जास्त. ऐकायला पटतं, पण हिशोब करून बघा. करंट वेफरच्या आरपार जातो, फक्त ०.०५२५ सेंटिमीटर जाडीतून. ५.२ गुणिले ०.०५२५ भागिले १.१३, म्हणजे ०.२४ ओहम. ५६ मिलिअँपला त्यात १३-१४ मिलिव्होल्ट पडतात. सोळा व्होल्टपैकी वेफरच्या अंगातलं एवढंच! बाकीचं सगळं दुसरीकडे कुठेतरी पडत होतं, आणि ते दुसरीकडे म्हणजे फॉइल आणि सिलिकॉन जिथे टेकतात ती जागा.

धातू आणि कमी डोप केलेला पी-टाइप सिलिकॉन नुसते एकमेकांवर दाबले तर तिथे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने सहज जाऊ देणारा सांधा, तयार होतो, शॉटकी डायोड, आणि आपण वेफरला प्लस लावतो म्हणजे करंट धातूतून सिलिकॉनमध्ये ढकलतो, ही त्या डायोडची उलटी दिशा. वर मधे नैसर्गिक ऑक्साइडचा थर आहेच. मग करंट जातो तो फक्त जिथे सुरकुतीची धार जोरात रुतली आहे आणि ऑक्साइड फुटला आहे अशा जागांमधून. जास्त डोप केलेल्या वेफरमध्येही डायोड होतो, पण त्याची भिंत इतकी पातळ की होल्स ती न चढता टनेल करून थेट आरपार जातात, कॉन्टॅक्ट आपोआपच चांगला होतो, म्हणून तिथे फॉइल चालते.

आता प्रश्न असा की पाठीमागे करंट ठिपक्या-रेघांतून शिरला तरी आत पसरून पुढे एकसारखा का नाही झाला. ओट्यावर सांडलेलं पाणी पसरतं, मातीवर सांडलेलं जिथल्या तिथे मुरतं, तसा हा फरक. जुन्या वेफरचा शीट रेझिस्टन्स ०.०६ ओहमच्या आसपास, करंट आडवा कितीही लांब जाऊ शकतो, दोन-चार जागीच टेकला तरी पुढे समान. नव्याचा १०० ओहम. ५६ मिलिअँप आडवा न्यायचा तर व्होल्ट लागतात, आणि समोर अर्ध्या मिलिमीटरवर ॲसिड तयार आहे, मग तो सरळ पुढेच जातो. रेघेच्या समोर करंटची घनता कित्येक पट, तिथे फिल्म जाड, कुठे तर इलेक्ट्रोपॉलिशिंगची मर्यादाच ओलांडली, त्या चकचकीत खाचा. आणि मधल्या भागाला जवळजवळ काहीच मिळालं नाही.

कॉन्टॅक्ट दुरुस्त केला

चांगला उपाय म्हणजे वेफरच्या पाठीवर व्हॅक्युममध्ये ॲल्युमिनिअमचा थर चढवायचा आणि नायट्रोजनमध्ये ४५० डिग्रीला अर्धा तास भाजायचं. ॲल्युमिनिअम ऑक्साइड खाऊन सिलिकॉनमध्ये थोडं शिरतं, आणि ते स्वतः पी-टाइप डोपंट असल्याने कॉन्टॅक्ट ओहमिक होतो, म्हणजे दोन्ही दिशांना सारखा करंट जाऊ देतो. ५७७ डिग्रीला ॲल्युमिनिअम-सिलिकॉन वितळतात, त्याच्या खालीच राहायचं. पण कोटिंग युनिट दुसऱ्या ग्रुपचं, नंबर लागायला वेळ, म्हणून तोवर इंडियम-गॅलियम. हा मिश्रधातू खोलीच्या तापमानाला पातळ असतो. वेफरच्या पाठीवर डायमंड स्क्राइबरने बारीक जाळी ओरखडली, ऑक्साइड निघावा म्हणून सौम्य एचएफचा एक हात दिला, आणि इअरबडने इंडियम-गॅलियम घासून घासून चोळलं, आरशासारखा थर बसेपर्यंत.

त्याखाली नेहमीप्रमाणे ॲल्युमिनिअम फॉइल ठेवली गेली होती. पहिला तुकडा छान आला. दुसऱ्या दिवशी फॉइल उचलायला गेले तर ती हातात भुगा झाली, बोटांनी दाबली तरी तुटत होती. गॅलियम ॲल्युमिनिअमच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतं आणि धातू ठिसूळ होतो, कोटिंग युनिटजवळ आणि ॲल्युमिनिअमच्या उपकरणांजवळ ही डबी नेऊच नये असा नियम मी त्या दिवशी हुडवर लिहून चिकटवला. फॉइल काढून तांब्याचा पातळ पत्रा घातला.

व्होल्टेज तीनच्या आसपास आलं आणि तिथेच थांबलं. रेघा गेल्या. कोटिंग झालेले तुकडे मिळाल्यावर तेही तसेच. डबल टँक सेलचाही विचार झाला होता, त्यात पाठीलाही द्रवच असतो, धातूचा प्रश्नच येत नाही, पण कमी डोप केलेल्या पी-टाइपला पाठीमागे जोरदार प्रकाश किंवा वेगळं डोपिंग लागतं, म्हणून सोडून दिला.

जाडी आता स्पेक्ट्रमवरून काढता आली. शेजारच्या दोन लाटांची शिखरं ६०० आणि ६३० नॅनोमीटरला असतील तर त्यांच्या व्यस्तांच्या फरकाचा व्यस्त म्हणजे १२६०० नॅनोमीटर, तो जाडी गुणिले अपवर्तनांकाच्या दुप्पट असतो, अपवर्तनांक १.६ धरला तर जाडी ३.९ मायक्रॉन. ५० मिलिअँपला सेकंदाला चाळीसेक नॅनोमीटर हा अंदाज धरला तर १०० सेकंदांना जुळतं. छिद्रांचं प्रमाण वजनावरून काढायचं म्हटलं तर एवढ्याशा फिल्ममधून पाऊण मिलिग्रॅमच्या आतच सिलिकॉन गेलेला असतो, ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर ते मोजणं म्हणजे फसवणूक, त्यासाठी ०.०१ चा काटा हवा किंवा मोठा सेल हवा.

पण ही ती फिल्म नव्हतीच

सगळे खूश होते. संध्याकाळी कोणीतरी यूव्ही लॅम्प लावला आणि नवी फिल्म नारिंगी पेटली. पाच-सहा जण मोबाइल घेऊन भोवती. बघायला सुंदर दिसतं ते, खरंच. साधा सिलिकॉन प्रकाश देतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याची बँडगॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा) १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तीही इनडायरेक्ट, म्हणजे खाली येताना इलेक्ट्रॉन सहसा प्रकाश देत नाही, जे काही थोडं निघतं ते इन्फ्रारेडमध्ये. १९९० साली इंग्लंडमध्ये ली कॅनहॅम यांनी दाखवलं की छिद्रं पाडून पाडून मधे दोन-चार नॅनोमीटरचे काडीसारखे अवशेष उरले की सिलिकॉन खोलीच्या तापमानाला डोळ्याला दिसेल असा लाल-नारिंगी चमकतो, आणि त्यानंतर या विषयावर जगभर लोक तुटून पडले.

मला मात्र त्या नारिंगी उजेडाने काळजी वाटली. जुनी फिल्म अशी चमकत नव्हती. म्हणजे आतली रचनाच वेगळी, छिद्रं खूप बारीक, काही नॅनोमीटरची. कमी डोप केलेल्या पी-टाइपमध्ये अशी स्पंजसारखी रचना होते, जास्त डोप केलेल्यात दहा नॅनोमीटरच्या आसपासची, फांद्या फुटलेली पण आत सरळ जाणारी छिद्रं. करंट तोच, ॲसिड तेच, वेळ तोच, माल वेगळा.

आणि सेन्सरवर ते लगेच दिसलं. इथेनॉलची वाफ सोडली तर जुन्या फिल्मवर लाटा चटकन सरकायच्या, इथे रेंगाळत, आणि वाफ बंद केल्यावर परत यायला त्याहून वेळ. शिवाय काही फिल्म सुकताना तडकायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं जाळं. छिद्रातला द्रव सुकताना भिंती आत ओढतो, दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. २ नॅनोमीटर त्रिज्येत इथेनॉल असेल तर २२ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून जास्त, पाणी असेल तर ७२. त्रिज्या ५ झाली की इथेनॉलचा दाब ९ च्या आत येतो. म्हणून शेवटचं धुणं कमी पृष्ठताणाच्या द्रवात करतात. पेंटेन चांगलं, पण ते ३६ डिग्रीला उकळतं आणि बडोद्यात मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर असतं, एसी बंद पडला की बाटलीचं झाकण उघडायची भीती, शिवाय आग. आम्ही हेक्झेन घेतलं, ६९ डिग्रीला उकळतं, पृष्ठताण १८, दाब थोडा जास्त पण जमलं. फिल्म पातळ केली की तडे अजून कमी झाले.

पावसाळ्याचा मुद्दा त्यातून निघाला. छिद्र जितकं बारीक तितकी आर्द्रता कमी असतानाच त्यात पाणी साचतं. केल्विनच्या सूत्राने, भिंतीला पाणी धरत असेल तर, २ नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात साठ टक्के आर्द्रतेलाच पाणी भरतं, ५ नॅनोमीटरला ऐंशीच्या पुढे. ताज्या फिल्मवर हायड्रोजन असल्याने ती पाणी धरत नाही, पण हवेत राहून ऑक्सिडाइज झाली की धरायला लागते, आणि विश्वामित्री नदी भरून वाहत असते त्या दिवसांत बडोद्यात साठ टक्के म्हणजे कोरडा दिवस म्हणायचा. अल्कोहोल मोजायला बसवलेला सेन्सर मग पाणीच मोजत बसणार.

म्हणून निर्णय असा झाला की १ ते १० चे वेफर फेकायचे नाहीत, ते चमकण्याच्या कामाला एका एमएस्सीच्या प्रोजेक्टला दिले, पाठीवर ॲल्युमिनिअम चढवून. सेन्सरसाठी नवी ऑर्डर, आणि ती त्या मुलीने स्वतः लिहिली, पी-टाइप, बोरॉन, १००, एका बाजूला पॉलिश, ५२५ मायक्रॉन, ०.००१ ते ०.००५ ओहम-सेंटिमीटर, प्रत्येक बॉक्ससोबत मोजलेल्या रेझिस्टिव्हिटीचा कागद. ऑफिसमधून फोन आला की बेन, एवढं सगळं लिहायचं काय काम, तर तिने जाऊन दोन्ही फिल्म त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ऑर्डर तशीच गेली.

नवा बॉक्स आल्यावर आधी फोर पॉइंट प्रोब, मग कटिंग. वहीत आता व्होल्टेजचे तीन रकाने आहेत, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि जास्त डोप केलेल्या वेफरचा सगळ्यात वरचा थर कधीकधी वेगळा वागतो म्हणून पहिली पातळ फिल्म करून ती सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवून टाकतात आणि खरी फिल्म त्याखालच्या सिलिकॉनवर करतात. अडीच व्होल्टच्या आसपास, स्थिर. वाफेला लाटा पुन्हा चटकन सरकतात.

ऑक्सिडेशनमुळे होणारा ड्रिफ्ट अजून सुटलेला नाही. सिलिकॉन हळूहळू ऑक्साइड होत जातो, ऑक्साइडचा अपवर्तनांक सिलिकॉनपेक्षा खूप कमी, त्यामुळे वाफ नसतानाही लाटा निळ्याकडे सरकत राहतात. त्यावर ती दोन रस्ते एकाच वेळी तपासतीये, एक म्हणजे फिल्म आधीच भट्टीत ऑक्सिडाइज करून टाकायची म्हणजे पुढे बदलायला फार उरत नाही, आणि दुसरा हायड्रोसिलायलेशन, पृष्ठभागावरच्या हायड्रोजनच्या जागी कार्बनच्या साखळ्या बांधायच्या. दोन्ही प्रकारच्या फिल्म एकाच वेफरमधून कापलेल्या आहेत, आणि जुलैची रीडिंग जानेवारीच्या रीडिंगशी लावून बघायची आहेत.